पत्रातलं कारण

समोरच्या माणसाने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एका ओळीवर टकटक केलं. तेवढंच झालं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं, की हे?" असं विचारणं हा त्याचा धंदा; पण ती एक ओळ वाचायला त्याला स्वतःला दोनदा मान पुढे काढावी लागली. बारा वर्षांपूर्वीचं कर्ज, दुसऱ्याच एका बँकेचं नाव, बाकी शून्य, आणि शेवटच्या रकान्यात दोन शब्द. तडजोडीने मिटवले. "शून्यच आहे की," तो म्हणाला, आणि शून्याचा मालक असल्यासारखा जरा मागे रेलून बसला. घरकर्जाच्या टेबलावरचा तो माणूस सभ्य होता, टाय सारखा करत म्हणाला, "शून्य आहे हो. पण कसं शून्य आहे, ते आम्ही बघतो. फेडून झालेलं शून्य वेगळं आणि सोडून दिलेलं शून्य वेगळं." शेजारी बायको बसली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि मांडीवरची फाईल, जिच्यात घराचा नकाशा, पगाराच्या चिठ्ठ्या आणि दिलेल्या बयाण्याची पावती होती, ती मिटून घेतली. टायवाला सांगत होता की त्या बँकेने सोडलेली रक्कम भरून टाका, 'पूर्ण फेड' असा दाखला आणा, शुक्रवारच्या आत आणा, म्हणजे प्रकरण पुढे सरकवतो. आज सोमवार होता. घर विकणारी म्हातारी मुलीकडे राहायला निघाली होती, आणि शुक्रवारनंतर दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन उभंच होतं.

बाहेर पडल्यावर बायको बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली. ती एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. फुटलेल्या परीक्षानळ्या मोजून वहीत लिहिण्याची सवय, त्यामुळे ती आधी मोजते आणि मग बोलते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "तू मला म्हणाला होतास मिटवलं." "मिटवलंच होतं." "मी समजले, फेडलं." आता यावर काय बोलणार? शब्दच तसला. भांडण मिटवतात, डोळे मिटतात, फळ्यावरचं मिटतं, आणि कर्जही मिटतं. कोणी कसं मिटवलं हे विचारायची पद्धत नाही. लग्न ठरताना त्याने हा शब्द जरा ऐटीतच वापरला होता. अठ्ठ्याण्णव हजार सातशे तीसचं येणं चाळीस हजारांत मिटवलं, असा पुढचा भाग मात्र त्याने फक्त पुरुषांच्या घोळक्यात सांगितला होता आणि तिथे त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. मेहुणा तर अजून कुठे काही घासाघीस करायची असली की त्यालाच पुढे घालतो. भाजी घेतानासुद्धा. बारा वर्षं हा मनुष्य वाटाघाटीत पटाईत म्हणून नातेवाइकांत वावरला, त्याचं भांडवल ते एक प्रकरण. "किती सोडले होते त्यांनी?" बायकोने विचारलं. "अठ्ठावन्न हजार सातशे तीस." "का सोडले?" दिवा हिरवा झाला म्हणून बरं. "सोडतात," तो म्हणाला. "एकरकमी दिलं की सोडतात."

का सोडले. त्या दिवशी दुकानात येईल त्याच्या डोळ्यांपुढे भिंगं फिरवताना हे दोन शब्द त्याच्या मागेच उभे होते. अंधाऱ्या खोलीत समोरच्या फलकावरची अक्षरं लहान लहान होत जातात आणि माणूस कुठल्या तरी ओळीवर अडतो. अडला की बहुतेक लोक अंदाज ठोकतात. सांगत नाहीत की दिसत नाही. त्याला वाटलं, आपणही त्या वर्षाच्या ओळीवर अंदाजच ठोकतोय. कारण आठवतं ते असं : नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढलं होतं, भिंगं घासायचं यंत्र कर्जावर घेतलं होतं, दुकान चौदा महिने चाललं आणि यंत्र त्याच्यानंतरही आठ महिने हप्ते खात राहिलं. दर मंगळवारी वसुलीवाला यायचा. आडदांड नव्हता बिचारा; खोकला होता त्याला, आणि कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा. एका मंगळवारी याने त्याचे डोळे फुकट तपासले आणि स्वस्तातला चष्मा करून दिला. पुढच्या मंगळवारी चष्मा लावून आलेल्या त्या माणसाने घोटभर पाणी मागितलं आणि म्हणाला, "अर्ज करा. साहेब लोक सोडतात थोडंफार. पण कारण दणदणीत लिहा. नोकरी गेली, धंदा बसला, हे सगळेच लिहितात; ते वाचून कोणी पेनसुद्धा उचलत नाही. घरातलं माणूस पाहिजे."

घरातलं माणूस म्हणजे तेव्हा घरात एकच होतं. आई लहानपणीच गेलेली. बाबा पाणीपट्टीच्या खिडकीवर चौतीस वर्षं रोखपाल होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. बोटं अजून नोटा मोजल्यासारखी हलायची. दुकान काढू नकोस असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं, आणि दुकान बसल्यावर सांगितलं होतं याची आठवण एकदाही करून दिली नव्हती, जे सहन करायला जास्त कठीण. कर्जाचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. तर त्याने दुकानातल्या उरलेल्या नंबराच्या कार्डांच्या पाठीवर दोन मसुदे केले. एकात वडील गंभीर आजारी होते. दुसऱ्यात वारले होते. पहिला लिहिताना पेन अडलं, कारण आजारपण म्हटलं की कुठला आजार, कुठला दवाखाना, कागदपत्रं कुठं, हे सगळं आलं. दुसरा सोपा गेला. मेलेल्या माणसाचं फारसं कोणी विचारत नाही. मग दोन्हींतला एक चांगल्या कागदावर उतरवला, पाकीट चिकटवलं, जिभेवर डिंकाची कडवट चव आली, टपालपेटीच्या तोंडात हात घातला. पेटीचं तोंड आठवतं, त्याच्या पत्र्याचा गारवा आठवतो, डिंक तर इतका आठवतो की आता जीभ टाळ्याला चिकटली. कुठला मसुदा उतरवला ते आठवत नाही. आजारी की वारले? हे, की हे? गिऱ्हाइकाने विचारलं, "काय म्हणालात?" तो म्हणाला, "काही नाही, हनुवटी नीट टेकवा."

एक गोष्ट मात्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. त्या पत्रानंतरच्या वर्षांत बाबांना साधी सर्दी झाली तरी तो रात्रीचा उठून त्यांचा श्वास ऐकायचा. शक्तीच्या गोळ्यांच्या बाटल्या आणायचा. दर वर्षा-दोन वर्षांनी त्यांचा नंबर तपासून नवा चष्मा करून द्यायचा, नंबर बदललेला नसला तरी. बारा वर्षांत सात चष्मे. बाबा म्हणायचे, "अरे, डोळे दोनच आहेत मला." नातेवाईक म्हणायचे, मुलगा बघा कसा. आजारी लिहिलं असतं तर माणूस इतकं भरत राहिला असता का? सात चष्मे, फ्रेमसकट. त्याने मनात किंमत काढली, आणि ती अठ्ठावन्न हजारांच्या जवळपासही जात नव्हती हे बघून त्याला विनाकारण वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. पत्राचं तिला माहीत नव्हतं, त्यामुळे आकडाच मांडला. बाबांनी ऐकून घेतलं, आपली ठेव होती त्यातून पैसे काढू म्हणाले, आणि त्याने नाही नाही म्हणेपर्यंत खोलीत जाऊन पासबुक घेऊन आले. "मी येतो उद्या बँकेत," बाबा म्हणाले. "तुम्ही कशाला दगदग करता? मी भरतो ना जाऊन." "पैसे माझे, मोजणार मी." "बाबा, हल्ली यंत्र मोजतं." "यंत्राला मोजू दे. आधी मी मोजणार." बायको हसली. "येऊ दे की त्यांना. बँकेत त्यांना माहेरी गेल्यासारखं वाटतं." दिवसभर तो बाबांना न नेण्याची कारणं जमवत राहिला. जिना आहे. रांग असते. ऊन आहे. दणदणीत असं एकही कारण मिळालं नाही, आणि कारणं जुळवण्यात आपण एकेकाळी किती तयार होतो हे आठवून तो स्वतःशीच ओशाळला.

बुधवारी सकाळी जुन्या बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, 'जुनी खाती' अशी पाटी असलेल्या टेबलाशी दोघं बसले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती, ठेवीतून काल काढलेल्या पैशांची कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. टेबलामागच्या बाईंच्या अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे त्या बाकीच्या बोटांनी टंकत होत्या आणि दर अक्षराला ओठ आवळत होत्या. "काका, तुम्ही पंख्याखाली बसा," त्या आधीच म्हणाल्या होत्या, आणि बाबांनी खुर्ची सरकवली होती. मग बाईंनी खातं काढलं. "बाकी शून्य आहे."

"हो, पण मला भरायचे आहेत."

"काय भरायचे? शून्य आहे म्हटलं."

"तुम्ही सोडलेले. अठ्ठावन्न हजार सातशे तीस."

"सोडलेले ना? मग सुटले ते. खातं बंद आहे. बंद खात्यात पैसे घालू कुठे मी?" पट्टीचा अंगठा उभा धरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "लोक येतात ते अजून सोडा म्हणून येतात. तुम्ही पहिलेच."

बाबांना हे फार आवडलं. "बाई, मी चौतीस वर्षं खिडकीवर काढली. पैसे घेऊन आलेल्या माणसाला कधी परत पाठवलं नाही."

"तुमची खिडकी चांगली होती, काका. आमच्याकडे खिडकीला आधी अर्ज लागतो." पण त्या हसल्या, उठल्या, कपाटाशी गेल्या, कुणाला तरी फोन केला, आणि परत आल्या तेव्हा हातात एक फॉर्म होता. सवलत म्हणून सोडलेली रक्कम स्वखुशीने परत भरण्याचा. कोणी वापरला नव्हता वाटतं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्याने भराभर भरायला घेतला. नाव, पत्ता, खाते क्रमांक. सगळं किती सुरळीत चाललंय असं वाटून त्याला जरा श्वास आला, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सवलत कशावरून दिली होती, ते मला इथे लिहावं लागेल. थांबा, तुमचं पत्र असेल." त्यांनी दोन बोटांनी काहीतरी टंकलं. पडदा त्यांच्याकडेच होता. त्याला फक्त त्यांच्या चष्म्यात एक पांढरा चौकोन उमटलेला दिसला, त्या चौकोनात आडव्या रेघा, आणि इतक्या बारीक रेघा आपण जन्मभर लोकांकडून वाचून घेतल्या, पण या आपल्याला वाचता येणार नाहीत, हे त्याला कळलं. हे की हे. बाबा पिशवीची नाडी सोडत होते.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "वडील गेले होते तुमचे."

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी शिक्का मारला, एकदा, दोनदा. त्याने बाबांकडे पाहिलं नाही. डाव्या बाजूचा गाल मात्र तापला, उन्हात धरल्यासारखा. बाई वाचत होत्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला होता. "घरातला एकच आधार गेल्यामुळे... हं. आणि तरी आज तुम्ही स्वतःहून आलात. असं कोणी करत नाही हो." मग त्या बाबांकडे वळल्या, आणि इतक्या आपुलकीने वळल्या की त्यांना दोष देता येणार नाही; मघापासून काका काका म्हणून त्यांनीच मनात जुळवून टाकलं होतं. "काका, तुमचे भाऊ ना ते? धाकटे की थोरले?"

बाबांनी नाडी सोडायची थांबवली. त्याला तेवढ्यात काय काय आठवलं : खिडकीवरचे बाबा, एका नोटेचा फरक आला म्हणून रात्री आठपर्यंत बसून राहिलेले, घराच्या भाड्याच्या पावतीवर मालकाने आकडा कमी लिहायला सांगितला तेव्हा पेन परत खिशात ठेवणारे, आईच्या आजारपणात कचेरीतून उचल घेताना कारणाच्या रकान्यात खरं तेच, पूर्ण, रोगाच्या नावासकट लिहिणारे. खोटं बोलायचं कसं हे या माणसाला माहीतच नसेल, तोंडातून शब्द निघणार नाही.

"थोरले," बाबा म्हणाले.

आणि लगेच पिशवीतून पैसे काढून मोजायला लागले. सवयीने अंगठा ओला केला, पुडकं डाव्या हातात वाकवलं, आणि नोटा पडू लागल्या. तो आवाज त्याच्या लहानपणाचा होता, सगळ्या लहानपणभर हाच आवाज. मध्येच बाबा थांबले. परत मागे गेले. परत पहिल्यापासून सुरुवात केली. बाई आदराने बघत होत्या. त्याला मात्र दिसलं की बाबांचे ओठ आकडे म्हणत नाहीयेत, नुसते हलताहेत. तिसऱ्यांदा मोजून त्यांनी पुडकं पुढे केलं. "घ्या, यंत्रात घाला." यंत्राने फरफर आवाज करून आकडा बरोबर असल्याचं दाखवलं, आणि बाबांनी अशी सुटका झाल्यासारखी मान हलवली की त्याला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आता साक्षीदार म्हणून काकांची सही," बाई म्हणाल्या. "नाव लिहा, सही करा, आणि इथे अर्जदाराशी नातं." त्यांनी फॉर्म बाबांपुढे सरकवला. फॉर्मच्या माथ्यावर त्याचं पूर्ण नाव होतं, त्याच्याच अक्षरात, आणि त्या नावाच्या मधोमध स्वतः बाबा बसलेले होते. बाबांनी पेन घेतलं. नावाच्या रेघेपाशी टोक नेलं. तिथे ते थांबलं. त्या रेघेवर खरं नाव लिहिलं तर ते नाव वरच्या ओळीत आधीच बसलेलं, आणि दुसरं लिहायचं तर लिहिणार कुणाचं? बाबांना भाऊ नव्हता, एकुलते एक. मघाशी तोंडाने काढला तो भाऊ आता कागदावर जन्माला घालावा लागणार होता. बाबांच्या हाताची शीर फुगली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद मुलाकडे ढकलला. "चष्मा विसरलो," म्हणाले. "तू भर."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. सातवा.

त्याने पेन घेतलं. डोकं अगदी साफ चालत होतं, हीच त्यातली भीतीची गोष्ट. शुक्रवार परवावर आला होता. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घेऊन ठेवलं होतं. बाबांना पूर्वेकडची खोली द्यायची, हेही ठरलं होतं. आईच्या भावाचं नाव टाकता येईल. काका आणि मामा यांत बाई काय फरक करणार आहेत? दोन शब्द. बारा वर्षांपूर्वी तर पानभर लिहिलं होतं, आणि पेन अडलं नव्हतं. बाबा पंख्याकडे बघत होते, गळ्याची कातडी सैल, दाढी करताना हनुवटीखाली राहिलेला पांढऱ्या केसांचा एक पट्टा. ते काही सांगत नव्हते. त्यांना जे करता येत होतं ते त्यांनी केलं होतं, एक शब्द खोटा बोलून दाखवला होता, त्याच्या पलीकडे त्यांच्याजवळ शिल्लक नव्हती. त्याने नावाच्या रेघेवर बाबांचं खरं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं : वडील. आणि कागद बाईंकडे फिरवला, त्यांना सरळ वाचता यावा म्हणून.

बाईंनी वाचलं. पडद्याकडे पाहिलं, परत कागद वाचला. अंगठ्याची पट्टी दुसऱ्या हाताने दाबून बसल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा मऊपणा गेला होता.

"हेच वडील," तो म्हणाला. "पत्र खोटं होतं. मीच लिहिलं होतं."

"आणि काका, तुम्ही मला..."

"ते माझं चुकलं," बाबा म्हणाले. "माफ करा, बाई."

बाई फॉर्म आणि पैसे घेऊन काचेच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून साहेबाची मान तीनदा आडवी हललेली दिसली, मग एकदा उभी. बाई परत आल्या तेव्हा उभ्यानेच बोलल्या. पैसे घेतले आहेत, पावती आत्ता मिळेल. दाखला मात्र इथून मिळणार नाही. सवलतीचं मूळ कारणच खोटं निघालं म्हटल्यावर प्रकरण मुख्य कचेरीत जाणार, सहा आठवडे तर लागतीलच, तिथले काय म्हणतील ते सांगता येत नाही. "स्वतःहून सांगितलं, असं मी शेरा मारलाय," त्या म्हणाल्या, आणि बाबांकडे न बघता पावती टेबलावर ठेवली. बाबांनी ती उचलली, रक्कम तपासली, तारीख तपासली, आणि घडी घालून मुलाच्या खिशात घातली.

जिन्याच्या वळणावरच फोन वाजला. "झालं?" बायको. मागे मुलांचा गलका, पाण्याचा नळ. "पैसे भरले. दाखला शुक्रवारपर्यंत मिळत नाही. सहा आठवडे म्हणतात." "का?" मग त्याने कठड्याला टेकून सांगितलं, पहिल्यांदा सलग, दोन मसुद्यांपासून. तिकडे नळ बंद झाला. "म्हणजे घर गेलं," ती म्हणाली. "हो." "बाबा कुठे आहेत?" "इथेच, शेजारी." "त्यांच्यासमोर वाचलं?" "हो." "त्यांना आधी कुठेतरी बसव, पाणी दे," ती म्हणाली. "घराचं मी तुला नंतर सोडणार नाहीये, ते लक्षात ठेव."

समोरच्या चौकात बाक होता. बाबा बसले, त्याने आणलेली पाण्याची बाटली अर्धी प्याले, झाकण नीट आवळलं. रस्ता ओलांडणारी माणसं बघत राहिले. त्याने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा जे निघणार होतं ते कारण होतं, म्हणून त्याने ते परत मिटलं.

"कशाने गेलो मी?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"पत्रात. कशाने गेलो?"

"झोपेत," तो म्हणाला. आता सगळं पत्र त्याला ओळ न् ओळ आठवत होतं. "हृदय बंद पडून. त्रास झाला नाही, असं लिहिलं होतं."

"हं." बाबांनी बाटली मांडीवर आडवी ठेवली. "वय?"

"चौसष्ट."

बाबांची बोटं बाटलीवर हलली, एक, दोन, तीन. "एकसष्ट होतो मी तेव्हा," ते म्हणाले.